मोइन थ्रस्ट ते बारा बेट : खडकाचे कण वाचत केलेली सफर

पहिला दिवस : अलापूल, नॉकन क्रॅग

स्कॉटलंडच्या वायव्य भागात अलापूल हे बंदराचं गाव आहे. तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटर गेलं की उजव्या हाताला नॉकन क्रॅगचा कडा लागतो. कड्याच्या पायथ्याची चुनखडी साधारण ५० कोटी वर्षांपूर्वीची. तिच्या डोक्यावर बसलेला काळसर, पापुद्र्यापापुद्र्यांचा मोइन शिस्ट मात्र त्याच्या दुप्पट जुना, जवळजवळ १०० कोटी वर्षांचा. खडक थरावर थर साचून तयार होतात, त्यामुळे जुना खाली आणि नवा वर असायला हवा. इथे उलटं आहे, आणि जिथे उलटं होतं ती रेघ इतकी स्पष्ट आहे की एक तळहात दोन्ही खडकांवर एकदम टेकवता येतो. मी टेकवला. खालची चुनखडी फिकट आणि खडबडीत होती, वरचा खडक पट्ट्यापट्ट्यांचा आणि विलक्षण घट्ट.

या रेघेवरून एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं भांडले. रॉडरिक मर्चिसन यांच्या मते हा सरळ क्रम होता, वरचं ते नवं. जेम्स निकोल यांनी विरोध केला, पण मर्चिसन यांच्या अधिकारापुढे त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे चार्ल्स लॅपवर्थ यांनी एरिबोलच्या परिसराचे बारकाईने नकाशे काढले. सरकारी सर्वेक्षणाचे बेन पीच आणि जॉन हॉर्न त्याच भागात उतरले, आणि १८८४ मध्ये सर्वेक्षणाचे प्रमुख आर्चिबाल्ड गायकी यांना जाहीरपणे कबूल करावं लागलं की जुना खडक पूर्वेकडून येऊन नव्या खडकावर चढला आहे. ज्या पृष्ठावरून खडक असा चढतो त्याला थ्रस्ट म्हणतात; नॉकनची रेघ म्हणजे मोइन थ्रस्ट. पीच आणि हॉर्न यांचा जाडजूड अहवाल १९०७ मध्ये निघाला. आजही तो हाताशी ठेवून फिरता येतं. नॉकनला दोघांचे पुतळे आहेत.

नकाशाने ‘सरकला का?’ या प्रश्नाचं उत्तर दिलं. मी आले होते ते पुढच्या प्रश्नासाठी. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी, दोन भूखंड एकमेकांवर आदळत असताना, डोंगराएवढा घन खडक किलोमीटरच्या किलोमीटर पश्चिम-वायव्येला सरकला. तो न वितळता, भुगा न होता, असा अखंड पट्ट्यांसकट कसा सरकला? कड्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी हे कळत नाही. त्यासाठी कणापर्यंत उतरावं लागतं.

नॉकनला हातोडा चालवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. या रेघेवर प्रत्येक विद्यार्थ्याने एकेक टवका काढला असता तर आज पाहायला काही उरलं नसतं. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आयुष्यभर याच डोंगरांत काम केलं आहे. त्यांच्याकडे पूर्वी रीतसर परवानगी घेऊन गोळा केलेल्या नमुन्यांच्या स्लाइड्सची एक लाकडी पेटी होती आणि बरोबर एक छोटा ध्रुवण सूक्ष्मदर्शक. दिवसा डोंगर, संध्याकाळी स्लाइड, असा बेत ठरला. स्लाइड म्हणजे खडकाची फक्त ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती, काचेवर चिकटवलेली. इतकी पातळ केली की बहुतेक खनिजं पारदर्शक होतात. खालून ध्रुवित प्रकाश सोडला की प्रत्येक स्फटिक त्याच्या अक्षाच्या दिशेप्रमाणे उजळतो किंवा काळोखतो.

पहिल्या संध्याकाळी थ्रस्टखालची चुनखडी पाहिली. कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडीच्या मुख्य खनिजाच्या, कणांवर समांतर रेघा होत्या, कुणी पट्टी धरून आखल्यासारख्या. दाब तिरपा आला की कॅल्साइटच्या अणूंच्या जाळीचा एक पापुद्रा ठरावीक कोनात उलटून आरशातल्या प्रतिमेसारखा बसतो. याला जुळेपण म्हणतात. रेघा केसासारख्या बारीक आणि सरळ असतील तर खडक दाबला गेला तेव्हा तो २०० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असावा. रेघा जाड झाल्या, वाकल्या की तापमान चढत गेलेलं असतं. एका कणात बारीक रेघांचे दोन संच एकमेकांना छेदून गेले होते. थर्मामीटर कुठेच नव्हता, तरी तापमानाचा अंदाज हातात आला होता.

दुसरा दिवस : असिंट आणि पाइप रॉक

इंचनाडॅम्फच्या अलीकडे असिंट सरोवराच्या काठाने गेलो. पीच आणि हॉर्न यांचं १९३० मध्ये उभारलेलं स्मारक सरोवराकडे तोंड करून आहे. तिथे थोडं थांबून पुढे निघालो, कारण दिवसाचं खरं काम पांढऱ्या क्वार्ट्झाइटमध्ये, म्हणजे क्वार्ट्झच्या वाळूपासून झालेल्या घट्ट दगडात, होतं.

या क्वार्ट्झाइटच्या एका थराला इथे पाइप रॉक म्हणतात. कँब्रियन काळात, पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, हा समुद्रकाठचा वाळूचा पट्टा होता आणि किड्यांसारखे जीव त्यात सरळ उभी बिळं करून राहत. बिळं वाळूने भरली, वाळूचा दगड झाला, आणि आज थराच्या पृष्ठावर त्यांची वर्तुळं दिसतात, बाजूने पाहिलं तर उभ्या नळ्या. भूशास्त्रज्ञाला याहून चांगली मोजपट्टी निसर्ग देत नाही. मूळ आकार माहीत आहे, मूळ कोन माहीत आहे: नळी थराला काटकोनात, तिचं तोंड गोल. खडक तिरपा ओढला गेला की नळी कलते आणि वर्तुळाची लंबवर्तुळं होतात. नळी मूळच्या काटकोनापासून ४५ अंशांनी कलली तर शिअरचं (तिरप्या सरकण्याचं) माप १, म्हणजे थर जेवढा जाड तेवढाच त्याचा माथा तळाच्या मानाने पुढे गेला.

आम्ही एका फरशीवर तासभर बसून लंबवर्तुळांचे लांब-आखूड व्यास मोजले. थ्रस्टपासून दूर ती जवळजवळ गोल होती. जसजसं पूर्वेला, थ्रस्टकडे सरकलो तसतशी ती चपटत गेली. हे काम मला मनापासून आवडलं. वही, पट्टी, दगड, एवढंच. पण नळ्या फक्त ‘किती’ सांगतात, ‘कसं’ सांगत नाहीत. वाळूचे कण एकमेकांवरून घरंगळले, फुटले, की प्रत्येक कण स्वतःच लांबला, हे नळीला माहीत नसतं.

संध्याकाळी त्याच थराच्या कमी विकृत, म्हणजे आकार फारसा न बदललेल्या, भागाची एक स्लाइड पाहिली. वाळूचे गोलसर कण अजून ओळखू येत होते, पण स्वस्थ एकही नव्हता. क्वार्ट्झचा निरोगी स्फटिक सूक्ष्मदर्शकाची तबकडी फिरवल्यावर एका क्षणी सगळाच्या सगळा काळा होतो. इथे तबकडी फिरवली की कणातून काळी सावली एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत जायची. म्हणजे एकाच स्फटिकाच्या आत जाळी ठिकठिकाणी किंचित वाकलेली आहे. कण तुटलेला नाही, आतून मुरडला आहे. खोल खडकात वाहण्याची सुरुवात अशी होते.

तिसरा दिवस : ग्लेनकूल

काइलस्कूच्या पुलाजवळून ग्लेनकूल सरोवराच्या पलीकडची भिंत पाहिली तर अख्खा थ्रस्ट उघडा दिसतो: खाली लुईसियन नाईस (इथला सगळ्यात जुना, पट्टेदार खडक), त्यावर क्वार्ट्झाइटचा फिकट पट्टा, आणि त्या पट्ट्यावर पुन्हा लुईसियन नाईस. हा ग्लेनकूल थ्रस्ट. आमचा रोख त्याच्याही वरच्या, पूर्वेकडच्या मोइन थ्रस्टवर होता. होडीने सरोवराच्या डोक्याशी उतरलो आणि चढायला लागलो. मागे इआस अ खूअल आलिन धबधबा दिसत होता, जवळजवळ २०० मीटर उंचीचा, ब्रिटनमधला सगळ्यात उंच. पण पायाखाली दलदल होती, त्यामुळे मान वर करायची ती थांबूनच.

ग्लेनकूल स्टॅक हा एक बुटका, तुटक्या कड्याचा डोंगर आहे. त्याच्या कुशीत मोइन थ्रस्ट उघडा पडला आहे आणि थ्रस्टखालचा मायलोनाइट, म्हणजे खोलवर सरकताना ताणला जाऊन पट्टेदार झालेला खडक, हा त्याच कँब्रियन क्वार्ट्झाइटपासून झालेला आहे. आदल्या दिवशीची वाळू, तीच. फक्त इथे ती ओळखू येत नाही. खडक फिकट करडा, पत्र्यासारख्या पातळ पट्ट्यांचा, ताज्या कडेला मेणासारखा गुळगुळीत. पट्ट्या पूर्व-आग्नेयेला किंचित कललेल्या, आणि पट्टीच्या पृष्ठावर बारीक समांतर रेषा. या रेषा म्हणजे कण ज्या दिशेने ताणले गेले ती दिशा. होकायंत्र ठेवलं तर सगळ्या एकाच रोखाने, पश्चिम-वायव्य ते पूर्व-आग्नेय.

इथे बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. नमुना उचलण्याआधी त्यावर उतार, दिशा आणि ‘वर कुठे’ हे पक्क्या शाईने लिहायचं. दगड एकदा हातात फिरला की तो मुका. पुढे प्रयोगशाळेतही चकती हवी तशी कापून चालत नाही. पट्ट्यांना काटकोनात आणि ताणाच्या रेषांना समांतर अशीच ती कापायची, कारण सरकण्याची बाजू फक्त त्याच पृष्ठात दिसते. आडवी कापली तर खडक सममित वाटतो आणि माणूस फसतो. मला वाटतं, सूक्ष्मरचनेचं अर्धं शास्त्र या एका शिस्तीत आहे.

संध्याकाळी स्टॅकच्या जुन्या नमुन्याची स्लाइड लावली. त्या स्लाइडसाठी मी ही सगळी सफर पुन्हा करेन.

आदल्या दिवशीचे वाळूचे कण इथे लांबच लांब फिती झाले होते. त्यातले काही अजून एकसंध, मुरडलेले, सरकत्या सावल्यांचे. पण त्यांच्या कडांभोवती आणि फितींच्या मधल्या जागेत अगदी इवल्या, स्वच्छ, नव्या कणांची गर्दी होती. जुना कण मध्यभागी आणि भोवती त्याच्याच अंगातून निघालेल्या पिल्लांचं कडं.

हे कसं होतं ते समजून घ्यायला स्फटिकाच्या आत जायला हवं. स्फटिकाची जाळी परिपूर्ण नसते, तिच्यात रेषेसारखे दोष असतात. जड सतरंजी पूर्ण ओढली तर हलत नाही, पण एका कडेला वळी करून ती वळी पुढे ढकलत नेली तर सतरंजी थोडी थोडी सरकते. जाळीतला दोष ही ती वळी. एका वेळी अणूंची एकच रांग जागा बदलते, दोष स्फटिकाच्या पार जातो आणि स्फटिक एका पायरीने लांबतो, कुठेही न फुटता. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे धातूंसाठी ही कल्पना मांडली. क्वार्ट्झही हेच करतो, फक्त त्याला साधारण ३०० अंशांच्या वर तापमान लागतं.

दोष वाढत गेले की स्फटिकात ऊर्जा साठते. मग ते दोष रांगा करून भिंतींसारखे उभे राहतात आणि एका कणाचे किंचित वेगळ्या दिशेला तोंड केलेले कप्पे पडतात. ताण चालूच राहिला तर कप्पा आणखी वळतो, आणि शेजाऱ्याशी त्याचा कोन १० ते १५ अंशांच्या पुढे गेला की तो स्वतंत्र कण मानायचा. दुसरी रीत अशी की एका कणाची सीमा फुगून शेजाऱ्याच्या जास्त दोषांच्या भागात शिरते आणि तिथे नवा कण सुटतो. कमी तापमानाला ही फुगण्याची रीत चालते, थोड्या जास्त तापमानाला कप्पे वळण्याची, आणि त्याहून तापलं तर सीमा सैरावैरा भटकतात आणि कण मोठे, वेड्यावाकड्या कडांचे होतात. आल्प्समधल्या तोनाले भ्रंशाजवळ (भ्रंश म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकले आहेत अशी फाट) हे तिन्ही टप्पे तापमानाच्या क्रमाने एकापाठोपाठ सापडले आणि २००२ मध्ये नीट मांडले गेले. तेव्हापासून कणांच्या कडा पाहून तापमानाचा पल्ला सांगणं बरंच भरवशाचं झालं आहे.

आता नव्या कणांचा आकार. ते साधारण १५ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या १५ पट. हा आकडा मामुली नाही. ताण जितका मोठा तितके नवे कण लहान, हा संबंध प्रयोगशाळेत क्वार्ट्झ दाबून बसवलेला आहे. त्या गणितात १५ मायक्रॉन घातले तर उत्तर सुमारे ८० मेगापास्कल येतं, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ ८०० पट. मापन-सूत्र बदललं की आकडा थोडा हलतो, पण पल्ला तोच राहतो. ४३ कोटी वर्षांपूर्वी दहा-पंधरा किलोमीटर खोल, ज्या ठिकाणी कुणी कधी पोहोचलं नाही, तिथला जोर एका कणाच्या रुंदीवरून मोजता येतो. माझ्या मते भूशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी ही एक आहे.

मग बाईंनी जिप्समची पट्टी सरकवली आणि करडी स्लाइड एकदम रंगली. जवळजवळ सगळे कण निळे. तबकडी ९० अंशांनी फिरवली, जवळजवळ सगळे नारिंगी-पिवळे. वाळूच्या दगडात हे शक्य नाही, तिथे प्रत्येक कणाचा अक्ष वेगळ्या दिशेला असतो आणि रंगांची मिसळ दिसते. इथे हजारो स्फटिकांनी आपले अक्ष एकमेकांशी जुळवून घेतले आहेत, कारण ठरावीक पृष्ठांवरच दोष सहज सरकतात आणि ती पृष्ठं हळूहळू प्रवाहाच्या दिशेला वळत जातात.

बाईंनी लॅपटॉपवर याच खडकाचा नकाशा दाखवला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना ७० अंश तिरपा ठेवून प्रत्येक बिंदूवर किरण पाडतात आणि परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यांवरून त्या बिंदूवरच्या जाळीची दिशा काढतात. जपानी भौतिकशास्त्रज्ञ किकुची यांनी १९२८ मध्ये असे पट्टे प्रथम पाहिले, म्हणून त्यांना किकुची पट्टे म्हणतात. सगळ्या अक्षांच्या दिशा एका वर्तुळात मांडल्या की आकृती उमटते. थ्रस्टच्या अगदी लगतच्या नमुन्यात ती एका बाजूला झुकलेली होती, म्हणजे वरचा भाग पश्चिम-वायव्येला घसरत होता. थोडं खाली उतरलेल्या नमुन्यात आकृती दोन्ही बाजूंनी सारखी होती: तिथे खडक घसरण्यापेक्षा वरच्या भाराखाली चपटत होता. एकाच कड्यात, थोड्याच अंतरात, दोन तऱ्हा. डोळ्यांना दोन्ही खडक सारखेच दिसले होते.

चौथा दिवस : एरिबोल, आर्नाबोल

उत्तर किनाऱ्याजवळचं एरिबोल सरोवर लांब, उघडं आणि वाऱ्याचं. त्याच्या पूर्वेला आर्नाबोलची टेकडी आहे. लॅपवर्थ इथे १८८२-८३ मध्ये राबले. काम इतकं अंगावर घेतलं की ते आजारी पडले, आणि रात्री सरकता खडक आपल्या अंगावरून घासत जातोय असं त्यांना वाटे, अशी आठवण सांगतात. १८८५ मध्ये त्यांनी इथल्या थ्रस्टवरच्या पट्टेदार खडकाला मायलोनाइट हे नाव दिलं. हा खडक दळला जाऊन बनला अशी त्यांची समजूत होती.

आर्नाबोलला नाईस पाइप रॉकवर चढलेला आहे. सीमा हातभर अंतरावरून पाहता येते. वर नाईसचे जाड पट्टे, खाली येताना ते बारीक होत जातात आणि शेवटी हिरवट-काळ्या पापुद्र्यांत विरतात.

स्लाइडमध्ये या पापुद्र्यांत दोन खनिजं दोन वेगळी आयुष्यं जगताना दिसतात. क्वार्ट्झ फितींसारखा वाहिला आहे, ग्लेनकूलसारखाच. पण त्याच्या अगदी शेजारी फेल्डस्पारचे मोठे कण आहेत, आणि ते सरळ तडकले आहेत. एक कण तीन तुकड्यांत फुटून पुस्तकांच्या कलत्या रांगेसारखा पडला आहे, प्रत्येक फटीत क्वार्ट्झ भरलेला. फेल्डस्पारला मऊ व्हायला ४५० ते ५०० अंश लागतात, क्वार्ट्झला ३००. म्हणजे हा खडक या दोहोंच्या मधल्या तापमानात सरकला. फेल्डस्पारपुरतं लॅपवर्थ यांचं म्हणणं खरंच होतं, तो भरडलाच गेला आहे. क्वार्ट्झच्या बाबतीत मात्र नाही. त्यांच्या काळात क्वार्ट्झचा स्फटिक वाहू शकतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी खडकाची वेगळी जात त्यांनी नेमकी ओळखली. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

न फुटलेल्या फेल्डस्पारच्या कणांना दोन्ही बाजूंना शेपट्या होत्या, एक वरच्या पातळीवर, एक खालच्या. शेपट्या ज्या बाजूने चढत्या-उतरत्या आहेत त्यावरून वरचा भाग कुठे गेला ते सांगता येतं. अभ्रकाचे कण माशाच्या आकाराचे तिरपे पडले होते, तेही त्याच दिशेला. मात्र एका कणावर विसंबायचं नाही. एखादा कण शेजाऱ्याच्या धक्क्याने उलटाही फिरलेला असतो. आम्ही स्लाइडभर मोजले, बहुतेकांनी पश्चिम-वायव्य हीच दिशा दिली.

आणखी एक गोष्ट इथे कळली, ती पाण्याची. फेल्डस्पारच्या फटींच्या कडेने पांढऱ्या अभ्रकाचे बारीक पापुद्रे उगवले होते. पाणी आत शिरलं की फेल्डस्पार हळूहळू अभ्रकात बदलतो, आणि अभ्रक पापुद्र्यापापुद्र्याने घसरतो. कठीण खनिजाच्या जागी निसरडं खनिज येतं, खडक तिथेच आणखी सरकतो, फटी वाढतात, आणखी पाणी येतं. क्वार्ट्झवर पाण्याचा परिणाम वेगळा. १९६५ मध्ये ग्रिग्ज आणि ब्लॅसिक यांनी दाखवलं की कोरडा क्वार्ट्झ तापवूनही कमालीचा कणखर राहतो, पण जाळीत पाण्याचा अंश असला की तोच नरम पडतो. थ्रस्ट एकदा जिथे पडला तिथेच पुन्हा पुन्हा का सरकत राहतो याचं बरंचसं उत्तर मला या हिरवट पापुद्र्यात दिसलं.

पाचवा दिवस : मिंच ओलांडून

दक्षिणेला परत अलापूल, तिथून मिंच ही सामुद्रधुनी ओलांडून लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेला जाणारी फेरी. पाऊस, करडा समुद्र, डेकवर उभं राहता येईना. आत बसून एक हिशेब केला. मायलोनाइटमध्ये विकृतीचा, म्हणजे आकार बदलण्याचा, वेग सेकंदाला एक भागिले एक लाख कोटी इतका धरतात, कधी त्याहूनही कमी. वर्षाचे सेकंद साधारण ३ कोटी. म्हणजे शिअरचं माप १ व्हायला, पाइप रॉकची नळी ४५ अंश कलायला, तीसेक हजार वर्षं. ग्लेनकूलच्या फिती याच संथपणाने ताणल्या गेल्या.

सहावा दिवस : हॅरिस, यूइस्ट

दिवसभर प्रवास. लुईस आणि हॅरिसचा उघडाबोडका नाईस, लेव्हरबरोहून फेरी, मग नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्यूला, साउथ यूइस्ट अशी बेटं जोडणारे समुद्रातले रस्ते. डाव्या हाताला, बेटांच्या पूर्व कडेने, डोंगरांची रांग सोबत चालते. हेब्रिडीज बेटांचा मोठा भ्रंश याच कडेने जातो आणि पूर्व-आग्नेयेला खाली उतरतो. एरिस्के बेटावरून शेवटची फेरी घेऊन बारा.

सातवा दिवस : बारा, हीव्हलचा चढ

कॅसलबेच्या मागे हीव्हल उभा आहे, ३८३ मीटर. अर्ध्या चढावर पांढऱ्या संगमरवरातली मेरीची मूर्ती. तिच्या आसपासच्या उघड्या कातळातच आम्ही ज्यासाठी आलो ते होतं: करड्या नाईसमध्ये काळ्याभोर शिरा. काही केसाएवढ्या, काही बोटाएवढ्या, आणि काही ठिकाणी इतक्या दाट की नाईसचे गोलसर तुकडे काळ्या लगद्यात बुडाल्यासारखे दिसतात.

याला स्यूडोटॅकिलाइट म्हणतात: भ्रंशावर घर्षणाने वितळून थिजलेला खडक. पण इथे खडक खरंच वितळला, की नुसता भरडला गेला? मुख्य शीर सरळ जाते, आणि तिच्यातून काटकोनाच्या आसपास छोट्या शिरा नाईसच्या तड्यांत घुसतात, पाचरीसारख्या निमुळत्या. बारीक भुकटीही दाबाखाली तड्यांत शिरू शकते, त्यामुळे नुसत्या आकारावरून निकाल लागत नाही. निकाल स्लाइड देते.

काळा भाग उघड्या प्रकाशात तपकिरी आणि जवळजवळ अपारदर्शक. भिंग वाढवलं तेव्हा त्यात सुयांसारखे इवले स्फटिक दिसले, काही ठिकाणी एका बिंदूपासून चहूकडे पसरलेले. असे स्फटिक द्रव झपाट्याने थंड झाला तरच वाढतात. शिरेच्या कडेला ते फार बारीक, मधोमध जरा मोठे, कारण कडा आधी थिजली. आणि त्यात तरंगणारे क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे तुकडे कोपरे नसलेले, कडांना खाचा पडलेले, वितळणाऱ्या द्रवाने कुरतडलेले. अभ्रक आणि हॉर्नब्लेंड मात्र नावालाही नाही. ही पाणी धरून असलेली खनिजं कमी तापमानाला वितळतात, म्हणून आधी तीच गेली. क्वार्ट्झ टिकला. भरडलेल्या खडकात असा भेदभाव दिसला नसता.

घर्षणाने खडक वितळायचा तर तापमान १००० अंशांच्या पार जायला हवं आणि उष्णतेला निसटायला वेळ मिळता कामा नये. त्यासाठी सरकण्याचा वेग सेकंदाला मीटरच्या घरात लागतो, आणि भ्रंश इतक्या वेगाने फक्त भूकंपात सरकतो. रिक सिब्सन यांनी १९७५ मध्ये याच बेटांतल्या शिरांचा अभ्यास मांडला आणि शिरेची जाडी व सरकलेलं अंतर यांचा संबंध जोडून दाखवला. सेंटिमीटरभर जाडीची शीर काही मिनिटांत थिजते. ग्लेनकूलच्या स्लाइडमध्ये हजारो वर्षं होती, इथे मिनिटं. सूक्ष्मदर्शक तोच, खनिजं बरीचशी तीच. मी त्या सुयांकडे बराच वेळ पाहत राहिले, कारण प्राचीन भूकंपाचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. तडा संथपणेही पडू शकतो, भुगा संथपणेही होऊ शकतो. द्रव थिजून झालेल्या सुया संथपणे होत नाहीत.

संध्याकाळी बाईंनी पेटीतली शेवटची स्लाइड काढली. ही बाराची नव्हती, साउथ यूइस्टच्या पूर्व बाजूची होती. काळी शीर होती, पण तिच्यात सुया दिसेनात. शीर स्वतःच पापुद्र्यांची झाली होती. तिच्यातले क्वार्ट्झचे तुकडे लांबट ताणलेले, कडांना नव्या बारीक कणांचं कडं. म्हणजे आधी भूकंपात खडक वितळला आणि थिजला, आणि नंतर तीच शीर मायलोनाइटसारखी संथपणे वाहिली. सिब्सन यांनी १९८० मध्ये अशा मिश्र नोंदींकडे लक्ष वेधलं होतं: ज्या खोलीवर खडक एरवी वाहतो तिथेही कधीकधी भूकंप पोहोचतो. वरच्या ठिसूळ भागात सुरू झालेली फाट खाली शिरते आणि तिथला खडक एका क्षणात इतक्या वेगाने ओढला जातो की दोषांना जाळीतून सरकायला वेळच मिळत नाही. मग तो फुटतो, घासतो, वितळतो. फाट थांबली की पुन्हा संथ प्रवाह.

पण तो प्रवाह पूर्वीच्या जागी परतत नाही. थिजलेला द्रव हा फार बारीक कणांचा असतो, आणि इतक्या बारीक कणांचा खडक शेजारच्या जाड कणांच्या नाईसपेक्षा कितीतरी सहज वाहतो: कण सीमांवरून एकमेकांना घसरू देतात, स्वतः फारसे मुरडतही नाहीत. तबकडी फिरवून पाहिलं तर हे समोर होतं. शिरेतला बारीक लगदा पापुद्र्यांत विंचरला गेला होता, आणि शिरेपासून दोन-तीन मिलिमीटरवरच्या नाईसमध्ये फेल्डस्पारचे मोठे कण चौकोनी कडांसकट जसेच्या तसे होते. भूकंपानंतरची सगळी सरक त्या बोटभर पट्टीने एकटीने घेतली होती.